श्रीखंडाने कुणाला फिट येते का?

मेसवाले काका, कर्वेनगर
मंगळवार, रात्री 11.40

नमस्कार मंडळी. कर्वेनगरला माझी मेस आहे, यंदा 19 वर्षं होतील. दोन्ही वेळचे मिळून 90च्या आसपास मेंबर, बहुतेक इंजिनिअरिंगचे, लातूर-नांदेड-अकोल्याकडचे. मला लिहायची सवय खाड्यांच्या वहीपुरती, तेव्हा लांबलं तर सांभाळून घ्या.

तीन आठवड्यांपूर्वीचा रविवार. रविवारी दुपारी आमच्याकडे फीस्ट असते आणि संध्याकाळी मेस बंद. त्या दिवशी श्रीखंड-पुरी, मसालेभात, बटाट्याची भाजी, मठ्ठा. रात्री साडेनऊला मी बनियनवर बातम्या बघत बसलेलो, तर वरच्या फ्लॅटमधलं एक पोरगं दार बडवायला लागलं. "काका, लवकर वर चला, 41ला काहीतरी झालंय." त्याचं नाव लिहीत नाही. वहीत त्याचा नंबर 41, म्हणून इथेही 41च.

वर गेलो तर पोरगा फरशीवर. अंगात शर्ट नाही, दात आवळलेले. डोळ्यांतल्या बाहुल्या एवढ्या पसरलेल्या की काळ्याशिवाय डोळ्यात काही दिसेना. अंगाला हात लावला तर तापलेला तवा. भिंतीकडे बघून "बंद करा, बंद करा" म्हणून ओरडत होता. काय बंद करायचं ते कुणाला कळेना. टीव्ही नव्हता, गाणी नव्हती. पंखा चालू होता, तो मी बंद केला.

दोघं मित्र त्याचे हात दाबून बसलेले, मी पाय धरले. मला वाटलं भांग असणार. आमच्याकडे महाशिवरात्रीला कुणाला जास्त चढली की लिंबाचं लोणचं चाटवतात. बायको वाटीत लोणचं घेऊन आली. मी बोटाने त्याच्या दातांत लावायला गेलो आणि तेवढ्यात त्याला फिट आली. हातपाय ताठ, तोंडाला फेस. कुणीतरी कांदा फोडला, मी चप्पल हुंगवली. दीड-दोन मिनिटांनी थांबलं. मग पहाटे मार्केट यार्डातून भाजी आणतो त्या ईकोत घातला. मागची सीट काढलेलीच असते, कोथिंबिरीचा पाला पडला होता, त्याच्यावरच आडवा केला. हॉस्पिटलचं नाव सोडा. तिथे आधी डिपॉझिट, मग स्ट्रेचर. गल्ल्यातले 14 हजार दिले.

चार दिवस आयसीयू. दुसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी. सीपीके म्हणून रक्ताची तपासणी असते, ती म्हणे दोनशेच्या आत असावी. ह्याची 18,400. किडनीचं बघतात ते क्रिएटिनिन 2.6पर्यंत चढलं, डायलिसिस लागेल म्हणाले होते, नशिबाने लागलं नाही.

मित्रांनी गाडीतच कबूल केलं होतं. "काका, स्टॅम्प घेतला होता." मला आधी पोस्टाचंच तिकीट वाटलं. तर नखाएवढा कागद, त्याच्यावर सूर्यफुलाचं चित्र, जिभेखाली ठेवायचा. एलएसडी म्हणतात, ॲसिडही म्हणतात. 41ने एक ठेवला, तासाभरात काहीच होईना म्हणून दुसरा ठेवला. कारल्यासारखं कडू लागतंय आणि जीभ बधिर झालीय असं म्हणत होता म्हणे. उरलेला एक तुकडा मित्रांनी संडासात टाकला.

आता गोम अशी, की हॉस्पिटलात लघवीची ड्रग टेस्ट केली ती निगेटिव्ह आली. सगळ्या रकान्यांत निगेटिव्ह. झालं, पोरं फिरली. बिल्डिंगमध्ये, व्हॉट्सॲप ग्रुपवर, सगळीकडे एकच. रविवारचं श्रीखंड बाधलं. 41च्या वडिलांनाही तेच सांगितलं. ते औश्याकडचे, शेतकरी माणूस. त्यांचा मला फोन, "काय खाऊ घातलं ओ माझ्या लेकराला?" मी गप्प बसलो. 41ने आयसीयूतल्या कॉटवरून हात जोडून सांगितलं होतं, काका, अप्पांना सांगू नका.

अकरा मेंबर सोडून गेले. तेच श्रीखंड त्या दिवशी 87 जणांनी खाल्लं. मी स्वतः दोन वाट्या खाल्ल्या. एकालाही साधा जुलाब नाही. चक्का मी रात्रभर स्वतः टांगतो, विकतचा आणत नाही. ते जाऊ द्या.

मला एवढंच कळून घ्यायचंय, की टेस्टमध्ये काही नाही तर त्या कागदावर होतं काय? पोरं म्हणतात एलएसडीने माणूस मरत नाही, मग हा मरायला का टेकला? आणि 41 आता जेवायला येतो पण ताटाकडे नुसता बघत राहतो. म्हणतो फरशीच्या टाइल्स सरकतात, हात हलवला की मागे हाताच्या पुसट नकला राहतात. हे जाणार का असंच राहणार? तिसरं म्हणजे, बापाला खरं सांगू का? पोराला शब्द दिलाय.

---

रात्रपाळी
बुधवार, पहाटे 4.15

काका, मी पुण्यातच कॅज्युअल्टीत काम करते. पेशंट न बघता निदान करणं बरोबर नाही, त्यामुळे ह्याला खात्रीचं निदान समजू नका. पण तुमच्या लिहिण्यातल्या "कारलं" ह्या एका शब्दाशी मी अडले.

एलएसडीच्या कागदाला चव असते ती कागदाचीच. कडू किंवा धातूसारखी चव आणि बधिर झालेली जीभ ही वेगळ्याच पदार्थाची खूण आहे. त्याला एनबोम म्हणतात. 25आय, 25सी, 25बी अशी भावंडं आहेत त्यात. एलएसडीशी नातं नाही, रसायन पूर्ण वेगळं. 25आय बनवलं बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत राल्फ हाइम ह्या रसायनशास्त्रज्ञाने, 2003च्या त्याच्या प्रबंधात. नशेसाठी नव्हे. मेंदूत सेरोटोनिन नावाच्या रसायनाची जी कुलपं आहेत त्यातल्या 2ए नावाच्या एका कुलपाला ही किल्ली फार घट्ट बसते, म्हणून ते कुलूप अभ्यासायला. 25बीचं एक किरणोत्सारी रूप आजही मेंदूच्या पेट स्कॅनच्या संशोधनात अगदी अत्यल्प मात्रेत वापरतात. 2010च्या सुमाराला हे पदार्थ ऑनलाइन विकले जायला लागले आणि लवकरच एलएसडीच्या नावावर खपायला लागले. अमेरिकेने नोव्हेंबर 2013मध्ये तिन्हींवर बंदी आणली, 2015मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या यादीतही ते आले. तोवर अनेक देशांतून मृत्यूंची नोंद झाली होती, बहुतेक मुलं विशीच्या आसपासची.

एलएसडीच्या नावावर हेच का खपतं? कारण कागद. नखाएवढ्या कागदावर मावून मावून किती मावणार? बहुतेक नशेचे पदार्थ तेवढ्यात काहीच करत नाहीत. एलएसडी करतं, कारण त्याची मात्रा 100 मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे तुमच्या मिठाच्या बरणीतले दोनेक कण. एनबोमही एका मिलिग्रॅमच्या आत काम करतं. म्हणजे त्याच कागदावर, त्याच चित्राखाली हे मावतं. वर ते कागदावर सगळीकडे सारखं बसेलच असं नाही. एकाच पानातला एक तुकडा फिका निघतो, शेजारचा दुप्पट. आणि तासभर काही वाटलं नाही म्हणून दुसरा ठेवणं ही तर कॅज्युअल्टीत आम्ही ऐकतो ती नेहमीची गोष्ट. चढायच्या आधीच दुसरा आत गेलेला असतो.

एलएसडी मुख्यतः मनाला हलवतं, शरीराला त्या मानाने कमी. एनबोम शरीरालाही धरतं. रक्तवाहिन्या आवळतात, नाडी नि बीपी चढतं, ताप चढतो, फिट येते. स्नायू इतके आवळले जातात की त्यांचे तंतू तुटतात आणि त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तातून किडनीत जाऊन अडकतं. तुमचा कोरा चहा म्हणजे तेच. सीपीके 18,400 म्हणजेही तेच. श्रीखंडातून विषबाधा झाली असती तर आधी उलट्या-जुलाब झाले असते आणि एकट्याला झाले नसते. बाहुल्या पसरणं, तवा झालेलं अंग आणि चव्वेचाळीस पट... नाही, नव्वद पट वाढलेलं सीपीके (रात्रपाळी संपत आलीय, हिशेब चुकतोय) हे श्रीखंडाचं काम नव्हे.

टेस्टचं कोडं सोपं आहे. हॉस्पिटलातलं लघवीचं किट ठरावीक गट शोधतं. गांजा, अफूचा गट, कोकेन, ॲम्फेटामाइन, झोपेच्या गोळ्या, असे. साधारण किटमध्ये एलएसडीचा रकानाच नसतो, एनबोमचा तर नाहीच. ते शोधायला मास स्पेक्ट्रोमेट्री नावाची तपासणी लागते, ती वेगळ्या लॅबमध्ये. निगेटिव्ह म्हणजे "ह्या रकान्यांतलं काही नाही", "काहीच घेतलं नाही" असं नव्हे. तो तिसरा तुकडा संडासात गेला नसता आणि डॉक्टरांच्या हातात पडला असता तर फार उपयोग झाला असता.

आता रागावते. फिट आलेल्या माणसाच्या तोंडात बोट, लोणचं, पाणी काहीही घालायचं नाही. ते श्वासनलिकेत जातं, आणि बोट तुटतं ते वेगळंच. चप्पल-कांद्याने फिट थांबत नाही, ती आपली आपण थांबते आणि श्रेय चपलेला मिळतं. चौघांनी दाबून धरलं की पेशंट जिवाच्या आकांताने झुंजतो, त्याने ताप आणखी चढतो आणि स्नायू आणखी तुटतात. आणि पंखा! काका, पंखा चालूच ठेवायचा होता. खिडक्या उघडायच्या, ओलं फडकं फिरवायचं, दिवा मंद करायचा, एकाच ओळखीच्या माणसाने हळू आवाजात बोलायचं. फिट आली की कुशीवर वळवायचं, डोक्याखाली उशी, आणि 108. पण तुम्ही वेळ न घालवता गाडी काढलीत आणि मित्रांनी गाडीत खरं सांगितलं, ह्या दोन गोष्टींनी तो वाचला. आम्ही अशा पेशंटला मुळात तीनच गोष्टी देतो. शांत करणारं इंजेक्शन, सलाईन आणि गारवा. ह्याचा उतारा म्हणून वेगळं औषध नाही.

टाइल्स सरकण्याला एचपीपीडी म्हणतात, नशा उतरल्यावरही दिसण्यात राहिलेला दोष. बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत, महिन्यांत विरतं. काहींचं रेंगाळतं. एकदा मानसोपचारतज्ज्ञ आणि, फिट आली होती म्हणून, न्यूरोलॉजिस्ट दोघांनाही दाखवा. क्रिएटिनिन परत करून घ्या. गांजा पूर्ण बंद, त्याने हे वाढतं. मित्राने दिलेली कसलीही गोळी नको.

---

सायकलस्वार
बुधवार, दुपारी 1.05

काका, तुमच्यावर आळ आला ते वाईटच. पण धाग्याचं एकूण वळण "एलएसडी वाईट" असं होतंय म्हणून लिहितो. 2010मध्ये डेव्हिड नट ह्या ब्रिटिश संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात 20 पदार्थांचं नुकसान मोजून क्रम लावला होता. दारूला 100पैकी 72, एलएसडीला 7. सत्तरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत आठ जणांनी कोकेन समजून एलएसडीची पूड नाकाने ओढली, म्हणजे मात्रेच्या कैक पट. आठही वाचले. दोष बंदीचा आहे, बंदीमुळेच बनावट माल येतो. आणि ज्याला घ्यायचंच आहे त्याने एर्लिख रीएजंट ह्या रसायनाने तपासावं. एलएसडी असेल तर जांभळा रंग येतो, एनबोमला येत नाही.

---

रात्रपाळी
बुधवार, संध्याकाळी 7.30

आकडे बरोबर आहेत. आठही वाचले हेही बरोबर, त्यातले काही जण कोमात होते आणि हॉस्पिटलात होते एवढं सांगायचं राहिलं.

पण तो 7 चा आकडा एलएसडीचा आहे, सूर्यफुलाच्या चित्राचा नाही. 41नेही हाच आकडा कुठेतरी वाचून कागद जिभेखाली ठेवला असणार. जांभळा रंग आला तर "ह्यात एलएसडी आहे" एवढं कळतं. किती आहे आणि सोबत आणखी काय आहे, ते रंग सांगत नाही. बंदी असावी की नसावी ह्यावर तुमच्याशी चहावर बोलायला मला आवडेल, पण माझ्याकडे स्ट्रेचरवर येतो तो आत्ताच्या बाजारातला कागद खाऊन.

आणि अस्सल एलएसडीसुद्धा सगळ्यांसाठी नाही. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल तर त्या मुलाचा पहिलाच स्टॅम्प त्या आजाराला दार उघडून देऊ शकतो. लिथियम चालू असलेल्यांना फिट आल्याच्या नोंदी आहेत. दुखण्यावरच्या ट्रामाडॉलनेही फिट यायचा धोका वाढतो.

---

सोडलेला
बुधवार, रात्री 10.50

मेसवाले काका, टाइल्सबद्दल मी लिहितो, कारण त्या टाइल्स मी स्वतः बघितल्यात.

2013. मी 23चा, बाणेरला तिघांत फ्लॅट, हिंजवडीत पहिली नोकरी. माझा अनुभव वाईट वगैरे नव्हता. दहा-अकरा तास चाललं. पडद्यावरच्या नक्षीतून मोर निघाले, मित्राच्या बोलण्याला रंग होता, आणि पहाटे चहा पिताना मला रडू आलं ते आजही खोटं वाटत नाही. हे लिहितोय कारण "सगळं भयंकर असतं" असं सांगितलं की पोरं पुढचं ऐकतच नाहीत.

नंतरच्या आठवड्यात एका रात्री विद्यापीठ चौकात सिग्नलला उभा होतो. पुढच्या बसचे मागचे लाल दिवे हलले आणि त्यांच्या मागे लाल दोरे राहिले. डोळे चोळले. दोरे तिथेच. घरी आलो तर पांढऱ्या भिंतीवर जुन्या टीव्हीला मुंग्या यायच्या तशा मुंग्या. डोळ्यांच्या डॉक्टरने सगळं तपासलं, म्हणाला डोळे उत्तम आहेत. त्या "उत्तम"ने माझी झोप उडाली. म्हणजे बिघाड डोक्यात.

चौदा महिने होतं. त्यातले पहिले सहा मी स्वतःच खराब केले. रोज सकाळी बाथरूममध्ये उभा राहून टाइल्स हलतात का बघायचो. पाच मिनिटं टक लावून. टक लावली की हलायच्याच. रात्री त्यावर इंटरनेट वाचायचो, पहाटे छाती धडधडायची. मधे एकदा एका मित्राने दिलेला गांजाचा एक झुरका मारला तर महिनाभर मागे गेलो, डॉक्टरताई म्हणतात ते शंभर टक्के खरं. शेवटी एका मानसोपचारतज्ज्ञाने सांगितलं, मुंग्या जायची वाट बघू नकोस, मुंग्यांसकट कामाला जा. झोप पूर्ण, दारू-गांजा बंद, कॉफी कमी. आणि बघणं बंद. हे बघणं बंद करणं फार अवघड असतं, दुखऱ्या दातावर जीभ जाते तसं असतं ते. एक दिवस लक्षात आलं की आठवडाभर भिंत बघितलीच नाही.

आता जवळजवळ काही नाही. फार थकलो की कोऱ्या आभाळात थोड्या मुंग्या.

41साठी एक बारीकशी गोष्ट. मला स्टीलच्या ताटाचा फार त्रास व्हायचा. ट्यूबलाइट ताटात चमकते, आमटी हलते, सगळं वितळल्यासारखं दिसतं. तो ताटाकडे बघत बसतो ते बहुधा म्हणून. त्याला काहीतरी न चमकणारं द्या, आणि ट्यूबलाइटखाली बसवू नका.

बापाला सांगायचं का, ह्यावर माझं मत नाही. माझ्या बाबांना अजून माहीत नाही.

---

शिवाजीनगर कोर्ट
गुरुवार, सकाळी 9.20

वकील आहे, एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थ कायद्याच्या केसेस बघतो. थोडक्यात लिहितो, सुनावणी आहे.

काका, तुमची भीती तुम्ही लिहिली नाहीत पण मला दिसते. जागेच्या मालकावर कलम 25 लागतं ते त्याने जाणूनबुजून जागा वापरू दिली तर. वरच्या फ्लॅटमध्ये काय चाललंय हे तुम्हाला माहीत नव्हतं आणि कळल्यावर तुम्ही पोरगा हॉस्पिटलात नेलात. ह्यात तुमच्या अंगाला काही लागत नाही. विषबाधेच्या केसमध्ये हॉस्पिटल पोलिसांना कळवतं, ती पद्धतच आहे. जबाब विचारला तर जे पाहिलं ते सांगा. तिसऱ्या तुकड्याचं इथे आता आणखी काही लिहू नका.

सेवनाला कलम 27 आहे, पदार्थ कोणता त्याप्रमाणे सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर कलम 64अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं, मात्र उपचार पूर्ण करावे लागतात.

खरा फास पोरांना माहीतच नसतो. एलएसडीची "व्यावसायिक" मात्रा आहे 0.1 ग्रॅम. गांजाची 20 किलो. आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2022मध्ये म्हटलंय की वजन कागदासकट धरायचं. म्हणजे पाकिटाच्या चोरकप्प्यात मावतील एवढ्या तुकड्यांत पोरगं कायद्याच्या लेखी मोठा व्यापारी होतं. शिक्षा दहा वर्षांपासून पुढे, एक लाख दंडापासून पुढे, आणि कलम 37मुळे जामीन जवळजवळ अशक्य. "मित्रांसाठी मीच मागवतो, सगळे पैसे देतील" म्हणणाऱ्या पोरांच्या आया माझ्या टेबलासमोर बसून रडतात.

---

सदाशिवातली मावशी
गुरुवार, दुपारी 3.45

तुम्ही सांगू नका. त्याच्याकडून वदवा. तुम्ही सांगितलंत तर तुम्ही श्रीखंडाचा डाग पुसायला सांगितलं असं होईल, आणि ते पोर पुन्हा कुणाचं दार वाजवणार नाही. तुम्ही फक्त शेजारी बसा. बोलायची हिंमत होत नसेल तर 14416 ला फोन करायला सांगा, टेलि-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, पैसे पडत नाहीत. व्यसनासाठीचा नंबर 14446. येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986पासून आहे, माझा धाकटा दीर तिथे बरा झाला, दारूवाला होता. तिथे आई-वडिलांनाही बोलावून बसवतात, ते मला त्यांचं विशेष आवडलं.

आणि सीट काढलेल्या गाडीत पेशंट नेताना कोपऱ्यावर जरा हळू वळवा हो.

---

मेसवाले काका, कर्वेनगर
पुढच्या आठवड्यातला शनिवार, रात्री 10.10

सगळ्यांचे आभार. डॉक्टर बाई, पंख्याचं वाचून मी बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली मी तेव्हाच म्हणत होते. ती म्हणत नव्हती.

41ला तुमचं सगळं वाचायला दिलं. मेस उरकल्यावर मागच्या ओट्यावर बसून त्याने दोनदा वाचलं. "सोडलेला" ह्यांचं वाचताना मान खाली घालून बराच वेळ बसला. मग म्हणाला, काका, मला वाटलं मला एकट्यालाच दिसतंय. दुसऱ्या दिवशी मानसोपचारवाल्यांकडे जाऊन आला, न्यूरोलॉजीची तारीख मिळालीय. क्रिएटिनिन 1.1 आलं.

मावशींनी सांगितलं तसंच केलं. गुरुवारी त्याचे अप्पा एसटीने आले, खांद्यावर तुरीच्या डाळीचं पोतं, दहा किलो तरी असेल. फोनवर रागावले होते त्याचं मनाला लागलं असावं. दुपारी पंगत उठल्यावर तिघंच बसलो. मी काही बोललो नाही. 41 बोलायला लागला, मधे अडखळला, पाणी प्याला, परत बोलला. कागद, कडू, दोन घेतले, सगळं. श्रीखंडाचं खोटं होतं हेही सांगितलं.

मला वाटलं म्हातारा हात उचलणार. त्यांनी बराच वेळ टोपी हातात फिरवली आणि विचारलं, "कडू लागल्यावर थुकला का न्हाईस?"

41 म्हणाला, सगळे बघत होते.

मग ते जेवले. पिठलं-भाकरी होती. हात धुतल्यावर धोतराच्या सोग्यातून 14 हजार काढून मोजून दिले. मी आयसीयूचे चार दिवस आणि पुढचे आठवडाभराचे खाडे धरून त्या महिन्याचं बिल कमी करत होतो, तर खाडे धरू देईनात. शेवटी अर्धे धरले. डाळ परत न्यायला तयार नाहीत. तूर मात्र फार चांगली आहे, काल तिचंच वरण केलं.

41ला पत्रावळीवर वाढतो. ट्यूबलाइटपासून लांब, जिन्याजवळची जागा. बाकीची पोरं विचारतात ह्याला काय व्हीआयपी आहे का. अकरातले चार मेंबर परत आले, ग्रुपवर मात्र कुणी काही लिहिलेलं नाही, श्रीखंडाचा मेसेज अजून तसाच आहे.

उद्या फीस्टला बासुंदी केलीय. चक्का टांगायला हात अजून होत नाही.